संगणकाचा पत्ता पालटणें : वेषांतर कीं तोतयेगिरी?

माणसें नांव पालटतात, तशीं गांवेंहि पालटतात. मराठवाड्यांतील धाराशिव हें गांव निजामी अमलांत सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून उस्मानाबाद झालें. १९४८ सालीं निजामाची सत्ता संपली, १९५६ सालीं हा जिल्हा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत समाविष्ट झाला. तरी नांव तेंच राहिलें. पुढें फेब्रुवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें शहराच्या नामांतरास मान्यता दिली, त्याच वर्षीं सप्टेंबरांत जिल्ह्याचेंहि नांव धाराशिव झालें आणि मे २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो निर्णय कायम ठेवला. कचेऱ्यांवरील पाट्या उतरल्या, नव्या चढल्या. परंतु धाराशिवच्या पत्रावर लिहावयाचा ४१३५०१ हा क्रमांक पालटला नाहीं, आणि जिल्ह्यांतील मोटारीच्या पाटीवरचें एम. एच. २५ हेंहि पालटलें नाहीं. नांव हें माणसांसाठीं असतें व क्रमांक हा कारभारासाठीं असतो, असा या दोहोंतील भेद येथें चांगला दिसून येतो. नांव पालटलें म्हणजे अभिमानाचे व इतिहासाचे प्रश्न उभे राहतात. क्रमांक पालटला म्हणजे पत्र कोणाच्या हातीं पडेल, हा प्रश्न उभा राहतो.

हा सहा आंकडी पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ रोजीं देशांत सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरीकडचे मराठी गृहस्थ. विद्वानांच्या वर्तुळांत संस्कृत कवि म्हणून परिचित, आणि केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यांत वरिष्ठ अधिकारी. एकाच नांवाचीं अनेक गांवें, पत्त्यांच्या निरनिराळ्या लिपि व भाषा, यांमुळें पत्रें भलतीकडे जात असत. वेलणकरांच्या योजनेनें पहिल्या आंकड्यावरून विभाग कळूं लागला आणि शेवटच्या आंकड्यांवरून टपाल कचेरी कळूं लागली. पत्रावरील अक्षर न कळलें तरी पत्र कोठें जावयाचें तें कळावें, इतकाच त्याचा हेतु होता.

जी अडचण टपालाची, तीच संगणकांची. एका खोलींतील दहा संगणक एकाच तारेला जोडले, तर कोणता निरोप कोणासाठीं हें त्यांनीं ओळखावें कसें? अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ व त्यांचे सहकारी यांनीं इथरनेट नांवाची जोडणीची पद्धति काढली. पुढें या पद्धतीला जगभर चालेल असा पत्ता हवा होता. १९८१ सालीं झेरॉक्समधील योगेन दलाल व रॉबर्ट प्रिंटिस यांनीं ४८ अंशांच्या पत्त्याची कल्पना एका निबंधांत मांडली. हे दलाल मुंबईंत पवईच्या आय. आय. टी. मधून अभियांत्रिकी शिकून गेलेले. प्रत्येक यंत्राला कारखान्यांतच असा क्रमांक द्यावा कीं तो सबंध पृथ्वीवर दुसऱ्या कोणत्याहि यंत्राला नसेल. म्हणजे यंत्र एका जाळ्यांतून उचलून दुसऱ्या जाळ्यांत नेलें तरी पुन्हा बारसें करावें लागणार नाहीं, असा त्यांचा विचार होता.

तोच आजचा मॅक पत्ता होय. त्यांत बारा चिन्हें असतात व तीं दोन दोनच्या सहा जोड्यांनीं लिहितात. शून्यापासून नऊपर्यंतचे आंकडे आणि इंग्रजींतील पहिलीं सहा अक्षरें, एवढींच चिन्हें त्यांत येतात. पहिल्या तीन जोड्या यंत्र बनविणाऱ्या कारखान्याच्या. त्या वांटून देण्याचें काम आय-ट्रिपल-ई नांवाची अभियंत्यांची संस्था करते. उरलेल्या तीन जोड्या कारखाना आपल्या मर्जीनें प्रत्येक यंत्राला देतो. एकंदर सुमारें २८१ लाख कोटी पत्ते या रीतीनें होऊं शकतात. सरकारनें गुरांच्या कानांत जो बारा आंकडी पिवळा बिल्ला घालण्याची योजना केली आहे, त्याचीच ही यांत्रिक बहीण म्हणावयास हरकत नाहीं. जनावर बाजारांत कोठेंहि जावो, बिल्ल्यावरून त्याची नोंद सांपडते.

तथापि बिल्ला आणि हा पत्ता यांत एक मोठें अंतर आहे. बिल्ला कानांत टोंचलेला असतो. मॅक पत्ता यंत्राच्या स्मृतींत कोरलेला असला, तरी यंत्र बोलावयास लागलें म्हणजे तो आज्ञावलीच्या तोंडून उच्चारला जातो. आणि आज्ञावलीला दुसराच क्रमांक उच्चारावयास सांगतां येतें. त्यासाठीं यंत्र उघडावें लागत नाहीं, कीं कसली हत्यारें लागत नाहींत. बहुतेक संगणकांवर हें काम चार-दोन मिनिटांचें आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, हा पत्ता दूरवर जात नाहीं. घरांतील संगणकाचा मॅक पत्ता घरच्या राउटरपर्यंतच पोहोंचतो. तेथून पुढें जगाच्या जाळ्यांत फिरतो तो निराळा, आय. पी. नांवाचा पत्ता. त्यामुळें मॅक पत्ता पालटला कीं इंटरनेटवर कोणासहि आपण सांपडत नाहीं, ही जी समजूत पुष्कळ तरुणांत आहे ती चुकीची आहे. तो पालटल्यानें फसतो किंवा चुकतो तो जवळचाच मनुष्य : ज्याच्या जाळ्यांत आपण बसलों आहों तो, किंवा वाटेंत कान लावून बसलेला.

कान लावून बसणारा कोण, हें सांगितल्यावांचून या विषयाचें महत्त्व कळावयाचें नाहीं. खिशांतील मोबाईलचें वाय-फाय चालू असलें म्हणजे तो मधून मधून ओळखीच्या जाळ्याला हांक मारीत असतो. जुन्या फोनांत या प्रत्येक हांकेबरोबर त्याचा कायमचा मॅक पत्ता हवेंत जात असे. मालकानें कोठेंहि जोडणी केलेली नसली तरी तो जाई. लंडन शहराच्या चीपसाइड भागांत रस्त्यावरच्या कांहीं कचरापेट्यांत एका जाहिरात कंपनीनें हीच हांक टिपणारीं यंत्रें बसविलीं होतीं. कोणता फोन किती वेळां, कोणत्या वेळीं, कोणत्या दिशेनें गेला, याची नोंद तीं ठेवीत. ऑगस्ट २०१३ मध्यें ही गोष्ट बाहेर आली, तेव्हां लोकांत खळबळ झाली व नगरपालिकेनें तें काम ताबडतोब बंद करावयास लावलें. रस्त्यानें जाणाऱ्या माणसानें कोणास कांहीं विचारलें नव्हतें आणि त्यासहि कोणी कांहीं विचारलें नव्हतें. केवळ खिशांत फोन आहे एवढ्यावरून त्याची पावलें मोजलीं गेलीं.

ह्याच साधनाचा सरळ उपयोगहि त्याच शहरांत झाला. १९ डिसेंबर २०१६ पर्यंत चार आठवडे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या ५४ स्थानकांवर प्रवाशांच्या फोनांचे पत्ते टिपून गर्दी कोणत्या वाटेनें वळते याचा अभ्यास केला गेला. तेथें तशा सूचना लावल्या होत्या, पत्ते उलगडतां येणार नाहींत अशा सांकेतिक रूपांत साठविले होते, आणि ज्याला नको असेल त्यानें वाय-फाय बंद करावें असें सांगितलें होतें. कचरापेटी आणि स्थानक यांत यंत्र एकच आहे. एकानें चोरून पाहिलें, दुसऱ्यानें सांगून पाहिलें, हा फरक आहे.

आतां हेंच चित्र आपल्या भूमीवर आणून पाहावें. नवरात्रांत तुळजापुरास भवानीच्या दर्शनाला लाखो माणसें चालत, गाड्यांनीं, रेटारेटी करीत येतात. समजा, कोणी रांगेच्या तोंडाशीं असें यंत्र बसविलें. चेंगराचेंगरी होऊं नये म्हणून गर्दी मोजण्यासाठीं तें बसविलें, तर त्यास कोणी नांवें ठेवणार नाहीं. पण तेंच यंत्र एखाद्या दुकानदारानें बसवून, कोणती बाई कितव्या वेळीं कोणत्या दवाखान्यापुढून, कोणत्या वकिलाच्या दारापुढून गेली, हें नोंदवून ठेविलें तर? तिनें कांहीं गुन्हा केलेला नाहीं. तरी तिच्या येण्याजाण्याची वही दुसऱ्याच्या कपाटांत पडली. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून माहेरीं निघालेल्या स्त्रीच्या बाबतींत अशी वही कोणाच्या हातीं गेली, तर त्याचा परिणाम काय होईल हें सांगावयास नको. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें सांगितलें कीं, खाजगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो हक्क केवळ सरकारी दप्तरासमोर वापरावयाचा नसतो. रस्त्यानें जातांनाहि त्याची गरज पडते.

म्हणूनच पत्ता पालटणें हें पूर्वीं जें कांहीं चतुर लोकांचें काम मानलें जाई, तें आतां फोन बनविणाऱ्यांनीं स्वतःच अंगावर घेतलें आहे. ॲपलनें २०१४ सालीं आयफोनाच्या आठव्या आवृत्तींत जाळें शोधतांना खोटा, क्षणोक्षणीं पालटणारा पत्ता हवेंत सोडण्यास आरंभ केला. २०१९ सालीं अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीनें, व २०२० सालीं आयफोनाच्या चौदाव्या आवृत्तीनें प्रत्येक जाळ्यासाठीं निराळा पत्ता देण्याची रीत चालू केली. एका हॉटेलांतील जाळ्याला फोन एक नांव सांगतो, रेल्वे स्थानकाला दुसरें, घराला तिसरें. नवा फोन घेतलेल्या पुष्कळ गृहस्थांच्या खिशांत हें वेषांतर रोज चाललेलें असतें आणि त्यांना त्याची वार्ताहि नसते. जें लाखो माणसें न कळत करीत आहेत, त्यास सरसकट कपट म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

खाजगीपणाखेरीज पत्ता पालटण्याचीं साधीं घरगुती कारणेंहि आहेत. कांहीं इंटरनेट पुरविणारे आपल्या ग्राहकाच्या पहिल्या यंत्राचा पत्ता टिपून ठेवतात व त्या पत्त्यालाच जोडणी देतात. तें यंत्र बिघडलें किंवा घरांत नवा राउटर आणला, तर जोडणी बंद. अशा वेळीं नव्या राउटरला जुन्या यंत्राचा पत्ता द्यावयाची सोय राउटरमध्यें मुद्दाम ठेवलेली असते. एखाद्या छापखान्याची किंवा कारखान्याची महाग आज्ञावली संगणकाच्या जाळें-कार्डाला बांधलेली असते. कार्ड जळालें म्हणजे नव्या कार्डाला जुना पत्ता देऊन काम चालू ठेवतात. एका संगणकाच्या पोटांत अनेक काल्पनिक संगणक चालविणाऱ्यांना त्या प्रत्येकासाठीं पत्ता निर्माण करावाच लागतो. मोठ्या कचेऱ्यांत एक राउटर पडला तर दुसऱ्यानें त्याची जागा त्याच क्षणीं घ्यावी म्हणून दोघांमध्यें एक सामाईक पत्ता ठेवतात. ह्या सर्वांत दुसऱ्याचें कांहीं जात नाहीं. पत्ता आपला, यंत्र आपलें, जाळें आपलें किंवा जाळ्याच्या मालकास ठाऊक असलेलें.

मग दोष कोठें सुरू होतो? याचें उत्तर पत्त्याची रचना करणाऱ्यांनीं एका बारीक खुणेंत देऊन ठेविलें आहे, आणि ती खूण फार थोड्यांच्या लक्षांत आलेली असते. बारा चिन्हांपैकीं दुसरें चिन्ह २, ६, ए किंवा ई यांपैकीं असेल, तर हा पत्ता कारखान्यानें दिलेला नसून मागाहून येथेंच ठेवलेला आहे, असें समजावयाचें. नवे फोन जो पत्ता पालटून घेतात त्यावर ही खूण असते. म्हणजे फोन खोटें नांव सांगतो खरा, पण त्याच दमांत 'हें माझें ठेवलेलें नांव आहे' असेंहि सांगतो. खेड्यापाड्यांत बहुरूपी येतो. डोक्यावर फौजदाराची टोपी, हातांत छडी, तोंडीं दरडावणी. लहान मुलें घाबरतात, मोठीं माणसें हंसतात; आणि शेवटीं तो हात जोडून आपलें सोंग सांगतो व शेरभर जोंधळे घेऊन जातो. त्या सोंगानें कोणी लुबाडला जात नाहीं, कारण तें सोंग आहे हें सर्वांस ठाऊक असतें.

बहुरूप्याच्या उलट तोतया. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं पति हयात आहे या श्रद्धेनें वैधव्य पत्करलें नाहीं. अशा स्थितींत 'मीच भाऊ' म्हणणारा एक तोतया उभा राहिला. कैदेंत टाकलेला हा मनुष्य १७७६ सालीं सुटला, कोंकणांत त्यास माणसें मिळालीं, किल्लेहि मिळाले, आणि त्याचा बंदोबस्त करण्यांत पुणें दरबारची बरीच शक्ति खर्ची पडली. त्याच वर्षीं त्यास देहान्त शिक्षा झाली. याच्याशेजारीं १६६६ सालची आग्र्याची सुटका ठेवून पाहावी. शिवाजी महाराजांनींहि परतीच्या वाटेवर वेष पालटला. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांतील भूमिगत कार्यकर्तेहि नांव पालटूनच सीमा ओलांडीत. पण त्यांनीं कोणा जिवंत किंवा मृत माणसाचें नांव घेऊन त्याचें घर, त्याचा मान, त्याची दौलत बळकावली नाहीं. वेषांतर करणारा स्वतःस लपवितो. तोतया दुसऱ्यास लुबाडतो.

मॅक पत्त्याची तोतयेगिरी अशी घडते. एखाद्या विद्यार्थिगृहांत प्रत्येक मुलास दररोज ठराविक वेळ वाय-फाय मिळतें, अशी कल्पना करावी. एका मुलाचा वेळ संपतो. शेजारच्या खोलींतील मुलगा गांवीं गेलेला आहे. पहिला मुलगा हवेंतून त्याचा पत्ता टिपून ठेवतो व आपल्या संगणकाला तोच लावतो. प्रथमदर्शनीं हा खोडकरपणा वाटतो. शेजारी तर गांवीं आहे, त्याचें गेलें काय? पण त्या रात्रीं त्या पत्त्यावरून कोणी एखाद्या मुलीस घाणेरडे निरोप धाडले किंवा परीक्षेच्या कागदांची चोरी झाली, तर सकाळीं अधीक्षक वही उघडील तेव्हां नांव निघेल तें गांवीं गेलेल्या मुलाचें. त्याचा बाप शेत विकून त्यास शिकवीत असेल. मुलगा शपथेवर सांगेल कीं मी येथें नव्हतों. पण वहींत लिहिलेलें खोटें कसें असेल, असें लोक म्हणतील. उसना घेतलेला पत्ता परत करतां येतो. त्याच्याबरोबर गेलेली अब्रू परत करतां येत नाहीं. मालक हजर असला तर आणखी एक गोंधळ होतो : एकाच जाळ्यांत दोन यंत्रें एकच पत्ता सांगूं लागलीं कीं निरोप कधीं ह्याच्याकडे, कधीं त्याच्याकडे जातात, आणि दोघांचेंहि काम अडतें.

कांहीं वेळां दुसऱ्याचा पत्ता न चोरतांहि मर्यादा ओलांडली जाते. त्याचें सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेंतलें आहे. ॲरन स्वॉर्ट्झ हा तरुण अत्यंत बुद्धिमान व निःस्वार्थी कार्यकर्ता. विद्या सर्वांस मोफत मिळावी हें त्याचें ध्येय. सप्टेंबर २०१० पासून त्यानें एम. आय. टी. या विद्यापीठाच्या जाळ्यांत पाहुणा म्हणून शिरून जेस्टोर या ग्रंथसंग्रहांतील लाखो निबंध आपल्या संगणकांत उतरवून घेतले. संस्थेनें त्याचा आय. पी. पत्ता बंद केला, त्यानें तो पालटला. मॅक पत्ता बंद केला, त्यानें तोहि पालटला. पुढें तर संगणक तारांच्या एका कोठडींत लपवून ठेवला. ६ जानेवारी २०११ रोजीं त्यास अटक झाली; त्याच्यावर इतके गुन्हे लादण्यांत आले कीं सरकारी पत्रकांत पस्तीस वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा उल्लेख होता. खटला उभा राहण्यापूर्वींच, ११ जानेवारी २०१३ रोजीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं त्यानें आत्महत्या केली.

या प्रकरणांत दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवून पाहणें अवश्य आहे. त्यानें स्वतःसाठीं पैसा मिळविला नाहीं, कोणाचें नांव चोरलें नाहीं. तरी 'आंत येऊं नका' असें ज्यानें दोनदां सांगितलें, त्याच्या घरांत तो तिसऱ्यांदा नवा वेष करून गेला. हेतु उदात्त होता म्हणून मार्ग सरळ ठरत नाहीं. सत्याग्रही कायदा मोडतो तो उघड्या तोंडानें मोडतो, हें या देशांतील लोकांस निराळें सांगावयास नको. परंतु दुसरी गोष्टहि तितकीच खरी आहे. वेष पालटला एवढ्यावरून त्या तरुणास दरोडेखोराच्या मापानें मोजणें हा मोठा अन्याय होता. तोतया कोण व नुसता हट्टी पाहुणा कोण, हें ज्या न्यायव्यवस्थेस ओळखतां येत नाहीं, तिच्या हातून माणसें जातात.

भारतांत कायदा काय म्हणतो? माहिती-तंत्रज्ञान कायदा २००० याच्या ६६-सी कलमान्वयें दुसऱ्याची सही, परवलीचा शब्द किंवा ओळखीची कोणतीहि खास खूण अप्रामाणिकपणें वापरली, तर तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. संगणकाच्या साहाय्यानें दुसऱ्याचें सोंग घेऊन फसविणें यास ६६-डी कलमाखालीं तितकीच शिक्षा आहे. फोनाचा जो पंधरा आंकडी आय. एम. ई. आय. क्रमांक असतो, त्याची गोष्ट निराळी. चोरीचा फोन पकडण्याचें तें मुख्य साधन असल्यामुळें त्यांत फेरफार करण्यास २०१७ च्या नियमांनींच बंदी झाली. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें दूरसंचाराच्या ओळख-क्रमांकांत फेरफार करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेविले आहेत. त्या कायद्यांतील व्याख्येचे शब्द फार व्यापक आहेत. म्हणून ओळखीचे क्रमांक हें गमतीचें खेळणें आहे, असें कोणा तरुणानें मनांत आणूं नये. फोनानें आपण होऊन हवेंतील पत्ता पालटणें वेगळें, आणि दुकानांत बसून चोरलेल्या फोनाचा क्रमांक पुसणें वेगळें.

कायदा मात्र गुन्हा झाल्यावर येतो. त्याआधीं घरांत व शाळेंत शिकवण यावयास हवी. पत्ता पालटूं पाहणाऱ्यानें स्वतःस तीन प्रश्न विचारले तर तो सहसा चुकणार नाहीं. मी स्वतःस झांकतों आहें, कीं दुसऱ्याचें नांव घेतों आहें? ज्याच्या जाळ्यांत मी बसलों आहें त्यानें मला मनाई केली आहे काय? आणि उद्यां ही गोष्ट उघडकीस आली, तर तिचें कारण मी त्याच्या तोंडावर सांगूं शकेन काय? बाजारांतील कान लावणाऱ्यापासून स्वतःस झांकणारा तिन्ही प्रश्नांतून सुखरूप पार पडतो. जळालेल्या कार्डाचा पत्ता नव्याला देणाराहि पार पडतो. शेजाऱ्याचा पत्ता लावणारा पहिल्याच प्रश्नांत अडकतो, आणि मनाई झालेला पाहुणा दुसऱ्यांत.

जाळें राखणाऱ्यांचींहि कर्तव्यें आहेत, आणि त्यांच्याकडे बहुधा दुर्लक्ष होतें. पुष्कळ शाळांत, वाचनालयांत व कचेऱ्यांत ठराविक मॅक पत्त्यांची यादी करून तेवढ्यांनाच आंत घेण्याची पद्धति आहे. ही दारावरची सांखळी आहे, कुलूप नव्हे. कारण जे पत्ते आंत घेतले जातात तेच हवेंतून उघड जात असतात व कोणासहि ऐकूं येतात. खरें कुलूप म्हणजे प्रत्येकाचा निराळा परवलीचा शब्द. घरच्या जाळ्यांत मुलांच्या फोनावर वेळेची मर्यादा घातली असेल व फोन दर वेळीं नवें नांव सांगून ती चुकवीत असेल, तर त्या एका जाळ्यापुरती फोनाची ही सोय बंद करतां येते. घरांत वेषांतराचें प्रयोजन नसतें. आणि सर्वांत मोठें कर्तव्य असें कीं, वहींत उमटलेला पत्ता हा गुन्ह्याचा सुगावा मानावा, साक्षीदार मानूं नये. जो क्रमांक चार मिनिटांत पालटतां येतो, त्याच्या एकट्याच्या बळावर कोणा मुलास शाळेंतून काढणें किंवा नोकरास घरीं बसविणें हा अविचार होय. त्या वेळीं तो मनुष्य कोठें होता, त्याचा परवलीचा शब्द वापरला गेला होता काय, यंत्र प्रत्यक्ष कोणाच्या हातीं होतें, हें पाहिल्यावांचून निवाडा करूं नये.

धाराशिव जिल्ह्यांत तेर हें फार पुरातन गांव आहे. तगर या नांवानें तें प्राचीन काळीं व्यापाराकरितां दूरदेशीं ठाऊक होतें आणि तेथील मातींत जुन्या मडक्यांचे अवशेष विपुल सांपडले आहेत. याच गांवचे गोरोबा कुंभार. त्यांची कथा घरोघर सांगतात : संतमंडळी त्यांच्या घरीं जमली असतां मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनीं मडकीं तपासण्याचें थापटणें घेतलें आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलें. बाकीचे स्वस्थ राहिले, नामदेव मात्र रागावले. तेव्हां हें मडकें कच्चें, असें गोरोबांनीं सांगितलें. नामदेवांची कीर्ति तेव्हां थोडी नव्हती. पण कुंभारानें कीर्तीवर विसंबून निर्णय दिला नाहीं, थापटून पाहून दिला. आणि कच्चें ठरलेलें तें मडकें त्यांनीं फोडूनहि टाकलें नाहीं. पुढें नामदेव गुरूकडे गेले व पक्के झाले.

यंत्रांच्या पत्त्यांविषयीं हीच दृष्टि ठेवणें बरें. धाराशिवच्या पाट्या पालटल्या तरी ४१३५०१ वर टाकलेलें पत्र त्याच घरीं पोहोंचतें, कारण त्या क्रमांकामागें ओळखीचा पोस्टमन आहे आणि दार उघडणारें माणूस आहे. हवेंत फिरणाऱ्या बारा चिन्हांमागें तसें माणूस आहे कीं नाहीं, हें दर वेळीं पाहावें लागेल. ज्याला स्वतःस झांकावयाचें आहे त्यास झांकूं द्यावें. जो दुसऱ्याचें नांव चोरतो त्यास अडवावें. आणि नुसत्या आंकड्यावरून कोणा निरपराध मुलाचें नांव फळ्यावर लिहिण्यापूर्वीं, तेरच्या कुंभारानें केलें तसें, एकदां हातानें थापटून पाहावें.